यंत्रात दोष आढळला नाही

ही हकीकत सांगायची मी अकरा वर्षं टाळली. कारणं कधी कमी पडली नाहीत. सरकारी नोकरीत आयुष्य गेलेल्या माणसाकडे तेवढी एकच गोष्ट वेळेवर तयार असते. आधी म्हटलं, गुडघ्याचं ऑपरेशन होऊन जाऊ दे. मग म्हटलं, बेव्हर्ली पार्कमधल्या आमच्या इमारतीचा पुनर्विकास एकदा मार्गी लागू दे, मग निवांत सांगू. हे कारण फार टिकाऊ निघालं. पुनर्विकास अजून मार्गी लागलेला नाही. ज्याला सांगायचं होतं तो माणूस मात्र गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर गेला.

उशीर सगळ्यांनाच होतो. पण माझी नोकरीच इशारे देण्याची होती, आणि इशारा द्यायला आम्हाला काही सेकंदांची मुदत असायची.

विमानं हल्ली आपण कुठे आहोत हे उपग्रहांना विचारतात. उपग्रह बहुतेक वेळा बरोबर सांगतात, कधीतरी चुकतात. चुकायला कोणाची हरकत नाही. हरकत आहे ती चुकून गप्प बसायला. म्हणून जमिनीवर ठिकठिकाणी अँटेना बसवलेल्या असतात. ती अँटेना जिथे उभी आहे ती जागा आधीच काटेकोर मोजून ठेवलेली असते. उपग्रह म्हणतो, तू अमुक ठिकाणी आहेस. अँटेना म्हणते, मी तर इथेच आहे, हललेसुद्धा नाही. दोघांच्या बोलण्यातला फरक ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की आकाशातल्या सगळ्या विमानांना संदेश जातो, की या उपग्रहावर विसंबू नका. उपग्रहाला त्यात अपमान वाटत नाही. तो फिरत राहतो.

अशा कार्यालयात मी नोकरी केली. आमच्या धंद्यात दोन पापं मानतात. एक, सगळं ठीक असताना इशारा देणं. दुसरं, बिघडलेलं असताना न देणं. पहिल्यानं लोक वैतागतात, दुसऱ्यानं मरतात. साहेबांकडून बोलणी मात्र पहिल्यासाठी बसायची, कारण वैतागलेले लोक फोन करू शकतात. तरी नियम स्पष्ट होता. खात्री नसेल तर ‘वापरू नका’ असं सांगायचं. दारावरच्या पाटीवर या कामाच्या इंग्रजी नावाचं जे हिंदी भाषांतर लावलं होतं त्यात ‘इंटिग्रिटी’साठी ‘सत्यनिष्ठा’ असा शब्द होता. मी रोज त्या पाटीखालून चहाला जायचो.

निवृत्तीनंतर माझी मोठी अडचण झाली ती श्रोत्यांची. आपण एवढं महत्त्वाचं काम केलं हे कोणाला तरी सांगायला हवं ना. इमारतीतल्या लोकांना ते ऐकायला वेळ नव्हता. शेजारचे गुजराती गृहस्थ तेवढे यायचे, तेही ‘अंकल, मेरा मोबाइल लोकेशन गलत बताता है, देखो ना’ म्हणून फोन पुढे करायचे. मी दहा मिनिटं उपग्रहांविषयी बोलायचो आणि मग फोन बंद करून चालू करायचो. बहुतेक वेळा तेवढ्यानं काम व्हायचं. माझी कीर्ती अशी वाढत गेली.

ती किनाऱ्यावरच्या तारोडी गावापर्यंत पोचली. तिथली एक कोळीण आमच्या नाक्यावर मासे घेऊन बसायची, अजूनही बसते. माझी बायको तिचं जुनं गिऱ्हाईक. एके दिवशी बायकोनं सुरमईबरोबर निरोप आणला, की हिच्या घरच्यांच्या बोटीवर जीपीएस बसवलंय आणि ते सारखं ओरडतंय, कंपनीचा माणूस फोन उचलत नाही.

“अहो, जाऊन या,” बायको म्हणाली. “नाहीतरी दिवसभर खिडकीतून आकाशच बघत बसलेले असता.”

मुर्धा, राई ही गावं मागे टाकत बस तारोडीकडे गेली आणि मी धक्क्यावर उतरलो. कोळिणीचा नवरा माझ्याच वयाचा असेल, बोटीचा मालक आणि बोट चालवणारा तोच. सगळे त्याला नाखवा म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो. त्यानं मला आधी यंत्र दाखवलं नाही, खांब दाखवला.

धक्क्यावर एक दगडी खांब होता. नाखवा पहिल्यापासून बोट तिथेच बांधायचा. जीपीएस आल्यावर पहिल्याच दिवशी त्यानं खांबाला लागलेल्या बोटीत बसून यंत्राचे आकडे बघितले आणि केबिनच्या फळीवर पांढऱ्या रंगानं लिहून घेतले. त्याला अक्षरं जुळवायला वेळ लागायचा, आकड्यांशी भांडण नव्हतं. रोज निघण्याआधी आणि परत आल्यावर तो यंत्रातले आकडे फळीवरच्या आकड्यांशी ताडून बघायचा. जुळले तर ठीक. नाही जुळले तर त्या दिवशी यंत्राकडे बघायचं नाही, डोंगर, दीपस्तंभ आणि खोली मोजायला दोरीला बांधलेलं शिसं, एवढ्यावर जायचं.

सरकारनं छतावर अँटेना बसवून, वातानुकूलित खोल्या बांधून आणि माझ्यासारख्यांना पगार देऊन जे काम चालवलं होतं, ते हा माणूस एक खांब आणि एक फळी यांवर करत होता, आणि तेही कोणाच्या मंजुरीशिवाय. मला हसू आलं. आता वाटतं, त्याच वेळी टोपी काढून घरी यायला हवं होतं.

“सायब, ही मशीन वराडते तवा खरीच चुकलेली असते,” नाखवा म्हणाला. “खांबाशी जुलवून बगितलंय मी. गप असते तवा आकडे बरोबर.”

याहून चांगली तक्रार माझ्याकडे पूर्ण नोकरीत कोणी आणली नव्हती. इशारा खरा आहे, हे तो पुराव्यासह सांगत होता. यंत्र एवढंच म्हणत होतं, की मला पुरेसे उपग्रह नीट दिसत नाहीत, माझ्यावर विसंबू नका. ते का दिसत नाहीत, हे शोधायला हवं होतं. मला कारण ठाऊक नव्हतं. ‘ठाऊक नाही’ हे दोन शब्द मला येत होते, पण तोवर चहा आला होता, खुर्ची आली होती, चारपाच खलाशी आणि शेजारच्या बोटीवरचे दोघे भोवती जमले होते, आणि इतके श्रोते मला कित्येक महिन्यांत मिळाले नव्हते.

नाखव्याचा मुलगा तिशीचा. त्याला एवढंच हवं होतं की आवाज थांबावा. खलाशी वैतागलेत, झोप लागत नाही, बाबा सारखे खांबाकडे धावतात, असं तो सांगत होता. मी त्याच्याकडे वळलो, कारण त्याचं काम सोपं होतं. मग मी सगळ्यांना एक व्याख्यान दिलं. यंत्रं घाबरट असतात, त्यांना उगाच शंका येतात, आमच्या कार्यालयातही असे खोटे इशारे यायचे वगैरे. नाखवा लक्ष देऊन ऐकत होता. ज्याला समुद्राबद्दल मी काही विचारलं असतं तर शोभलं असतं, त्याला मी उपग्रहांच्या स्वभावाविषयी सांगत होतो.

बोलता बोलता मी यंत्राच्या सेटिंगमध्ये गेलो आणि इशाऱ्याचा आवाज आणि पडद्यावरची लाल खूण, दोन्ही बंद केली. यंत्र गप्प झालं. लोकांनी माझ्याकडे आदरानं बघितलं.

“झालं दुरुस्त,” मी म्हणालो.

“आता वराडनार न्हाय?” नाखव्यानं विचारलं.

“नाही.”

“म्हंजे चुकनार बी न्हाय.”

हा प्रश्न नव्हता, पण उत्तर मला द्यायला हवं होतं. मी चहा प्यायलो. चहा फार चांगला होता.

पुढे कळलं, की त्या दिवसापासून नाखव्यानं आकडे ताडून बघणं सोडलं. सायबांनी दुरुस्त केलंय म्हटल्यावर परत तपासणं त्याला माझा अपमान वाटला असावा. सभ्य माणूस होता.

दोन महिन्यांनी, हिवाळ्यातल्या एका सकाळी, बोट मासे घेऊन परत येत होती. आमच्याकडे हिवाळ्यात धुकं आणि बांधकामांची धूळ यांचं असं मिश्रण होतं की समोरची इमारत दिसत नाही. डोंगर दिसत नव्हता, दीपस्तंभ दिसत नव्हता. किनाऱ्याजवळ एक खडक आहे, भरतीत बुडतो. तारोडीतल्या प्रत्येकाला तो लहानपणापासून माहीत आहे. यंत्राच्या पडद्यावर बोट त्या खडकापासून चांगली लांब होती. प्रत्यक्षात ती त्याच्यावर होती. बुडाची फळी फुटली, जाळं गेलं, एक खलाशी पाण्यात पडला आणि त्याला दोरीनं वर ओढलं. शेजारच्या बोटींनी सगळ्यांना आणि बोटीलाही किनाऱ्यावर आणलं. कोणी मेलं नाही. हे वाक्य मी पुढे अनेक वर्षं स्वतःला सकाळ-संध्याकाळ औषधासारखं देत आलो.

दुसऱ्या दिवशी खलाशांनी आपापल्या गोधड्या बोटीतून उचलून नेल्या. तोंडानं कोणी काही बोललं नाही. पण गोधडी उचलली म्हणजे तुझ्या हाताखाली परत समुद्रावर येणार नाही, हे तिथे सगळ्यांना कळतं. नाखव्याचं म्हणणं एकच होतं, की मी पडद्यावर बघून चालवत होतो आणि पडद्यावर बोट लांब होती. लोकांचं म्हणणं होतं, की वय झालं, नजर गेली, आता सुकाणू मुलाकडे द्यावं. दोष यंत्राचा की माणसाचा, हे ठरवायला मच्छीमारांच्या सोसायटीनं बैठक बोलावली. आणि यंत्र तपासायला तज्ज्ञ म्हणून बोलावलं कोणाला, हे सांगायला नको.

बैठकीच्या आधी मी एकटाच बोटीवर चढलो. किनाऱ्यावर आडवी पडलेली बोट होती. केबिनवरच्या अँटेनाशेजारी चार उखडलेले खिळे दिसले आणि खाली वाळूत एक वाकलेला पत्रा. यंत्र बसवल्यानंतर मुलानं सावलीसाठी केबिनवर पत्रा ठोकला होता, अँटेनाच्या बरोब्बर वर. अर्धं आकाश झाकलं गेलं होतं. मी गप्प करेपर्यंत यंत्र तेच ओरडून सांगत होतं. त्या दिवशी मी फक्त मान वर केली असती तरी पत्रा दिसला असता. आयुष्यभर आकाशाचा पगार घेतलेल्या माणसानं तेवढंच केलं नव्हतं.

धडकेत खिळखिळा झालेला पत्रा बोट किनाऱ्यावर ओढताना निघून पडला होता. आकाश मोकळं होतं. यंत्र चालू केलं तर ते व्यवस्थित चाललं. मग मी सेटिंगमध्ये गेलो आणि बंद केलेला इशारा परत चालू केला. माझ्या हाताला एवढी सफाई नोकरीत कधी आली नव्हती.

इतरांसमोर मी यंत्र आणि अँटेना सोडवून घेतली, बॅटरी जोडली आणि सगळ्यांना त्या दगडी खांबापाशी नेलं. कल्पना माझीच. नाखव्याचीच परीक्षा, नाखव्याच्याच फळीवरच्या आकड्यांशी. दोन माणसं ती फळी काढून घेऊन आली. यंत्रातले आकडे आणि फळीवरचे आकडे शेवटच्या आकड्यापर्यंत जुळले. इशारा आला नाही, कारण इशारा द्यावं असं काही उरलंच नव्हतं.

नाखवा बराच वेळ बघत होता. एकदा यंत्राकडे, एकदा फळीकडे.

“आकडे बरोबर हायत,” तो म्हणाला. “म्हंजे मीच चुकलो.”

कोणी काही बोललं नाही. मीही बोललो नाही, पण माझं न बोलणं वेगळ्या जातीचं होतं. सोसायटीच्या वहीत लिहिलं गेलं, ‘सदर यंत्राची तज्ज्ञांकडून तपासणी केली असता यंत्रात दोष आढळला नाही.’ खाली मी सही केली आणि हुद्दाही लिहिला, पुढे निवृत्त असं लहान अक्षरात. त्या वाक्यात एक अक्षर खोटं नाही. मी ते अनेकदा तपासलंय. यंत्रात खरंच दोष नव्हता.

परतताना बसमध्ये बायकोनं विचारलं. कोळिणीला धीर द्यायला तीही आली होती.

“अहो, त्या दिवशी तुम्ही दुरुस्त केलंत म्हणजे काय केलं होतंत?”

मी म्हटलं, तांत्रिक आहे, तुला कळायचं नाही. तिनं खिडकीकडे तोंड फिरवलं ते भाईंदर येईपर्यंत. उपग्रहातलं तिला काही कळत नाही. बाकीचं सगळं कळलं होतं.

तेव्हापासून ती माझ्या घरातली इशाऱ्याची यंत्रणा झाली. तारोडीला जाऊन आलो की दारातच विचारायची, “सांगितलंत?” ही यंत्रणा मला बंद करता आली नाही.

जात मात्र राहिलो. पहिल्यांदा पेढे घेऊन गेलो. माणसाचं सुकाणू काढून घेतल्यावर त्याला पेढे देण्याची रीत कुठे आहे मला माहीत नाही. नाखविणीनं, म्हणजे आमच्या कोळिणीनं, बोंबलाचं कालवण वाढलं आणि मी दोनदा मागून घेतलं. दुसऱ्यांदा पत्र लिहून नेलं. दारात लक्षात आलं, की हा ते मुलाकडून वाचून घेणार. मग मी मुलाची काळजी करू लागलो. पत्रा त्यानं ठोकला होता, उगाच त्याच्यावर येईल. पत्र खिशातच परत आलं. मुलाच्या काळजीनं मला पुढची तीन वर्षं आरामात नेलं. खरं तर पत्रा कोणीही ठोकतो. पत्र्याचं यंत्रानं रोज सांगितलं होतं, त्याचं तोंड दाबणारा मी होतो. एकदा फोन केला, तर नाखवा फोन नेहमी स्पीकरवर ठेवायचा आणि अंगणात माणसं बसलेली असायची. मी हवामानाची चौकशी केली. कोळ्याला हवामान विचारलं की वेळ चांगला जातो.

मुलगा आता बोट चालवायचा. नाखवा अंगणात जाळी विणत बसायचा. धक्क्यावर जात नसे. खांबाला मुलाची बोट बांधलेली असायची आणि नव्या फळीवर कोणी आकडे लिहिले नव्हते.

शेवटची भेट गेल्या वर्षी झाली. त्याला दम लागत होता, तरी उठून बसला. मी ठरवून गेलो होतो. अंगणात त्या दिवशी कोणी नव्हतं, म्हणजे तेही कारण शिल्लक नव्हतं. मी सुरुवात केली, “नाखवा, त्या मशीनचं—”

त्यानं हात वर केला.

“सायब, तुमी होता म्हनून बरा झाला,” तो म्हणाला. “न्हायतर मी मरेपर्यंत म्हनत बसलो असतो का माझा हात चुकलाच न्हाय. सगल्यांशी भांडलो असतो. पोराशी बी. तुमी खरा सांगितलाव, म्हनून गप झालो.”

इथे मला सांगता आलं असतं. इतकी वर्षं त्यानं आपल्या हातांवर विश्वास ठेवला नाही तो माझ्या सहीमुळे, आणि तो मला त्याबद्दल धन्यवाद देत होता. मी त्याच्या हातांकडे बघितलं. जाळीची सुई सराईतपणे चालत होती, एक गाठ चुकत नव्हती. मी म्हणालो, “तब्येतीला जपा.” आणि बस पकडली.

घरी दार उघडून बायकोनं माझ्या तोंडाकडे बघितलं. त्या दिवशी तिनं विचारलंही नाही.

तो गेल्याचं नाखविणीनंच नाक्यावर सांगितलं. महिन्याभरानं ती परत बसायला लागली. आम्हाला ती अजून मागच्या बाजूची, बर्फाखालची चांगली मासळी काढून देते आणि वर एक-दोन जास्त टाकते. नको म्हटलं तर ऐकत नाही. तिचा नवरा जाताना सांगून गेला म्हणे, सायबांनी आपल्याला खरं सांगितलं, त्यांना वाईट मासळी द्यायची नाही. गेले कित्येक महिने मी ती मासळी खातोय. काटा कधी अडकत नाही, याचंच नवल वाटतं.

“आता निदान लिहून तरी ठेवा,” बायको म्हणाली. म्हणून हे लिहिलं. याची एक प्रत घेऊन मी मच्छीमारांच्या सोसायटीत जाणार आहे आणि वहीत माझ्या सहीखाली माझ्याच हातानं लिहिणार आहे, की यंत्रात दोष नव्हता, इशारा मी बंद केला होता, आणि बोट चालवणाऱ्याची चूक नव्हती. मुलाला आणि नाखविणीला समोर बसवून हे वाचून दाखवणार आहे. त्यानंतर ती मासळी कशी देईल ते देईल.

पण माफी या दोघांची नव्हती. ती ज्याची होती त्याच्यासाठीचं वाक्य माझ्याकडे तयार होतं. मुर्ध्यापासून तारोडीपर्यंत बसमध्ये मी ते दर वेळी पाठ म्हणायचो, आणि धक्क्यावर उतरलो की खिशातल्या तिकिटासारखं ते कुठेतरी पडून जायचं. ते असं होतं:

नाखवा, तुमचा हात चुकला नव्हता. मशीन ओरडायची ते खरं होतं, तुमचा खांब खरा होता, तुम्ही मला सांगितलं होतंत. मी तिचं तोंड बंद केलं आणि तुम्हाला म्हणालो, दुरुस्त झालं. मला माफ करा.